मागचं फाटक

२३ मे, गुरुवार. वैशाखी पौर्णिमा.
आज प्लॉटवर आलेलं सामान व खर्च:
टेंपो, मोहोपाडा ते इथपर्यंत: २८०० (३२०० मागत होता)
हमाल दोन: ६००, चहा वेगळा
पत्र्याची शेड उभी करून: ३८,०००
पिंपळाचं रोप: ४०
बुद्धमूर्ती, सासऱ्यांचा फोटो, फ्रिज, कपाट, दिवाण: आपलंच, खर्च नाही.

टेंपो मोकळ्या शेतांतून थेट शेडच्या दारात येऊन लागला. एजंट मालोजी म्हणालाच होता, बाई, रोड-टच आहे. खरं तर त्याने कमीच सांगितलं. चारी बाजूंनी रस्ता आहे, जिकडून बघावं तिकडून गाडी येते. कंपनीच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं काढली, जिना सोडून दुसरी वाट नव्हती.

सातबारावर नाव माझं एकटीचं. शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि घरात शेतकरी मीच, माहेरच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून. यांनी तेहतीस वर्षं रसायनीला ड्यूटी केली, तरी सरकारदरबारी शेतकरी नाहीत. ही आठवण त्यांना दिवसातून एकदाच द्यायची, असं ठरवलं आहे.

क्वार्टरची किल्ली दिली. ग्रॅच्युइटी जमिनीत गेली. आता मागे काही नाही, सगळं पुढे.

संकल्प: १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, नव्या घरात वंदना. कॉलनीतल्यांना जेवण. पानं चाळीस.

२४ मे. सकाळी.
आधी कुंपण, मग घर. हे म्हणाले, आधी घर, मग लागलं तर कुंपण. मी सासऱ्यांच्या फोटोकडे बोट दाखवलं. दामूबाबा जन्मभर दुसऱ्याच्या बांधावरून चालले. ते सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावाने पाण्याच्या वाटेवर काट्या टाकल्या होत्या. त्यांच्या आईला डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यावरून वळसा घालून यावं लागे. त्यांच्या सुनेच्या नावावर आज वीस गुंठे आहेत. हद्द दिसलीच पाहिजे.

२८ मे.
कुंपण झालं. सिमेंटचे खांब, चार पदरी काटेरी तार, पुढे एक लोखंडी फाटक. उभी राहून बघत बसले. डोळे भरून आले. (धूळही होती.)

संध्याकाळी सोनाबाई आली. पुढची तिन्ही खाचरं तिची. गोठाही तिचाच, दूध तिच्याकडूनच लावलं आहे, रोज अर्धा लिटर. आमच्याच पातेल्यातला चहा दोन कप प्याली. मग म्हणाली, मागं पन एक फाटक ठेव गं ताय, आमची जाया-यायची वाट हाय. मी तिला मोजणीचा नकाशा दाखवला. त्यात वाट नाही. नकाशात नसलेल्या वाटेला फाटक कसं ठेवणार? आधीचा मालक मुंबईचा, कधी फिरकला नाही, त्यामुळे लोकांना आतून जायची सवय लागली. शिवाय फाटक साडेचार हजारांचं. एका प्लॉटला दोन फाटकं म्हणजे शौक झाला.

तिने नकाशा बराच वेळ बघितला. कळला नसावा. चहा चांगला झाला होता म्हणाली आणि गेली.

रात्री हे काहीतरी सांगत होते, तिचा राब आणि खळं आपल्या मागच्या अंगाला आहे वगैरे. नीट ऐकलं नाही. उरलेल्या तारेचा हिशेब चालला होता.

९ जून.
पाऊस सुरू झाला. लिहिण्यासारखं काही नाही.
विटा चार हजार सांगितल्या. मालोजी वीस तारखेला पाठवतो म्हणाला. मोबाइलला रेंज फक्त फाटकापाशी येते, तीही उजवा हात वर केला तर.

२० जून. दुपारी.
विटा आल्या. म्हणजे डांबरी रस्त्यापर्यंत आल्या. पुढे सोनाबाईच्या खाचरांत पाणी भरलं आहे. मे महिन्यात जी मोकळी मैदानं दिसत होती, ती शेतं होती. मधून एक गाडीवाट तेवढी उंचावर दिसते. ड्रायव्हर म्हणाला, ताई, चाक रुतलं तर मी दसऱ्यापर्यंत तुमच्याकडेच. रस्त्याकडेला उतरवून घेतल्या, वर ताडपत्री, ९५० ची.

काळजी नाही. वाट आहे, फक्त ओली आहे. चार दिवस ऊन पडलं की झालं.

४ जुलै. सकाळी सात.
सोनाबाईची लावणी सुरू. पाच बायका मागच्या राबातून (भाताची रोपं तिथे वाढवतात) रोपांच्या मुठी डोक्यावर घेतात आणि ओढ्याकडून फिरून पुढच्या खाचरांत येतात. कुंपणाला कोणी हात लावला नाही. माणसांना एकदा हद्द दाखवली की शिस्त लागते. घड्याळ लावून बघितलं, एका खेपेला पंचवीस मिनिटं. आमच्यातून आल्या असत्या तर पाच. पण वेळेचं त्यांना काही वाटत नसावं.

हे दारात बसून बघत होते. चहा घेतला नाही.

७ जुलै.
अघटित. सोनाबाईने गाडीवाट लावून टाकली. काल होती, आज तिथे रोपं आहेत, आडव्या-उभ्या ओळीत. पायवाटेचा बांधसुद्धा दोन्ही बाजूंनी कोरून एका पावलाएवढा केला आहे.

फाटकातून हाक मारून विचारलं, हे काय? ती गुडघाभर चिखलात वाकलेली. वर बघितलंसुद्धा नाही.
"नकाशात वाट नाय म्हनालीस ना ताय? मंग शेतात कुठून येल?"
बाकीच्या चौघी हसल्या. एकीने तर मूठ खाली ठेवून हसून घेतलं.

आधी मला वाटलं, जातीवरून आहे. तसं असतं तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं, तक्रार कशी लिहायची तेही. पण ती आमच्या पातेल्यातला चहा दोन कप पिऊन गेलेली. ती सोयसुद्धा तिने ठेवली नाही. म्हणजे उरला मत्सर. लोखंडी फाटक तिच्या डोळ्यांत सलत असणार.

मालोजीला फोन लावला, उजवा हात वर करून. म्हटलं, रोड-टच म्हणाला होतात. तो म्हणाला, बाई, दिसतो ना तिथून रोड? आता भात कापलं की मग गाडी. कार्तिकात बघू.

कार्तिक म्हणजे नोव्हेंबर. चौदा ऑक्टोबर त्याच्या आधी येतो. दोनदा कॅलेंडर बघितलं.

८ जुलै.
दूध येईल की नाही वाटलं होतं. सकाळी सहाला किटली फाटकाला लटकवलेली. नेहमीचं अर्धा लिटर, पाणी नाही. सोनाबाई स्वतः लावून गेली, बोलली नाही. मीही बोलले नाही. तिला कळलं असेल.

२१ जुलै, रविवार. आषाढ पौर्णिमा.
आजपासून वर्षावास. भगवंतांनी सांगितलं आहे, पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहावं, फिरून उगवतं पीक तुडवू नये. उपासकांना ते बंधन नाही, पण संकल्पाला कोण अडवतं? मी तीन महिने प्लॉट सोडणार नाही. रोज वंदना, ग्रंथवाचन दहा पानं, पौर्णिमेला अष्टशील.

हा विचार माझ्या मनात फार पूर्वीपासून होता. गाडीवाटेचा काही संबंध नाही. उलट बरंच झालं म्हणायचं, वाट असती तर मोह झाला असता.

यांना विचारलं, तुम्हीही घ्या संकल्प. हे म्हणाले, मला शिळफाट्याला जायचंय, भाजी संपलीये.

अष्टशीलात दुपारनंतर जेवण नाही. पुण्यही, गॅसही.

३० जुलै.
वीज अजून नाही. खांब आणायला गाडी हवी, गाडीला वाट हवी. फ्रिजमध्ये तांदूळ, डाळ आणि कपडे ठेवले आहेत. उंदराला उघडत नाही. सतरा हजारांची वस्तू, वाया गेली असं कोणी म्हणू नये.
शेडमध्ये दिवाण आणि कपाट यांच्यामध्ये चालायला जागा एक हात. एकाने उठायचं तर दुसऱ्याने बसायचं. पत्र्यावर पावसाचा आवाज असा की हे बोलतात ते ऐकू येत नाही. हे म्हणतात, तसा काही फरक पडलेला नाही.

६ ऑगस्ट.
काल विटा बघायला निघाले. (विटा बघणं संकल्पात बसतं. त्या आपल्याच आहेत.) बांधावर अर्ध्यात पोचले आणि बांध सरकला. मी घसरले नाही. कमरेपर्यंत चिखलात, उजवा गुडघा वाकडा, हे सहदेवभाऊंकडे, म्हणजे सोनाबाईच्या नवऱ्याकडे, बेणणीला गेलेले. आमचा माणूस त्यांच्या शेतातलं तण काढतो, हे मला तेव्हा कळलं.

सोनाबाईच आली. काखेत हात घालून उपसून काढलं, खांद्यावर टेकवून फाटकापर्यंत आणून सोडलं. सबंध वाटेत एक शब्द नाही. आज सकाळी किटलीशेजारी माझी चप्पल अडकवलेली होती, धुतलेली.
माज किती असावा माणसाला.

१९ ऑगस्ट. श्रावण पौर्णिमा.
प्रबुद्ध आणि दर्शना नेरळहून आले. मुलगा बूट हातात घेऊन बांधावरून आला, सून साडी नाही, पँट घालून आली आणि माझ्यापेक्षा नीट चालली. गुडघ्याला पट्टा आणला. म्हणाले, पाऊस संपेपर्यंत फ्लॅटवर चला, लिफ्ट आहे, पंखा आहे.

मी मार्चमध्ये दर्शनाला सांगितलं होतं की तुमच्या खुराड्यात मी पाऊल टाकणार नाही, मला माझी जमीन आहे. तिने ते लक्षात ठेवलेलं दिसलं नाही. हेच मला जास्त लागलं.
ती म्हणाली, "आई, तुम्ही इथे अडकलात."
मी म्हटलं, "अडकले नाही. बसले आहे."
हे मध्येच म्हणाले, गुडघा वाकत नाही म्हणून बसलीये. संकल्प गुडघ्याच्या आधीचा आहे, हे तारखेनिशी या वहीत आहे. दाखवणार होते, पण मग बाकीचंही वाचलं असतं.

५ सप्टेंबर.
हे सांगतात, विटांवर शेवाळ आलं आहे आणि ताडपत्रीवर दोडक्याचा वेल चढला आहे. दोडके लागलेत. विटा आपल्या, तर दोडके कोणाचे? हे नुसते खोकले. त्यांना खोकला आहे.

१८ सप्टेंबर. भाद्रपद पौर्णिमा.
हे दोन दिवसांसाठी नेरळला गेले. खोकला दाखवायला. पिशवीत दोन दिवसांच्या मानाने कपडे जास्त वाटले. हत्यारांचा डबाही नेला, सुनेच्या बाथरूमचा नळ गळतो म्हणे.
अष्टशील पाळलं. एकटीला सोपं जातं.

२९ सप्टेंबर.
हे अजून आले नाहीत. फोनवर म्हणाले, खोकला बरा आहे, पण पेन्शनचं काम निघालंय. मागे पंख्याचा आवाज येत होता. म्हटलं, शेतकरी नसलेल्या माणसाला जमिनीची ओढ नसते. ते म्हणाले, हो. एवढंच. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी कुंपणाच्या कडेने एक फेरी मारली. पुढची बाजू, डावी बाजू, मागची बाजू, उजवी बाजू. परत पुढची. तीनशे बारा पावलं. कॉलनीचा जिना चढून-उतरून एकशे आठ होत.

१४ ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिन.
ठरलेली पानं: चाळीस. आलेली: एक. (मी.)
तरी खीर केली, सवयीने चौघांची. शेडमध्ये वंदना म्हटली. त्रिसरण, पंचशील. चौथं शील खोटं न बोलण्याचं, तिथे जरा खोकला आला. यांचा लागला असावा.

उरलेली खीर वाया जाऊ नये म्हणून रिकाम्या किटलीत भरून फाटकाला लावली. बाकी काही हेतू नाही.

१५ ऑक्टोबर.
किटली आली. दूध अर्धा लिटर. शेजारी सुतळीने बांधलेले दोन दोडके.
म्हणजे दोडके तिचे.
भाजी चांगली झाली. एकटीला दोन वेळा पुरली.

१६ ऑक्टोबर.
भात पिकलं आहे. सोनाबाई आणि सहदेवभाऊ सकाळी बांधावर उभे होते, विळे हातात, आणि बघत होते ओढ्याकडे. परतीच्या पावसाने ओढा छातीभर आहे. लावणीच्या वेळी निदान उतार होता. आता भारे डोक्यावर घेऊन कोण उतरणार? खळं मागे. मध्ये मी.

यांना फोन करून विचारलं, खळं मागे आहे हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? म्हणाले, अठ्ठावीस मेपासून, आणि तुलाही. मी वही काढली, त्यांनी सांगितलंच नव्हतं हे दाखवायला. सांगितलं होतं. लिहूनही ठेवलं आहे. नीट ऐकलं नाही, असंही लिहिलं आहे.

मग सहज मागचं पान उलटलं, तारेचा दर काय पडला होता ते बघायला. दर नाही सापडला. २४ मे सापडली. "डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यावरून वळसा." अक्षर माझंच, शाईही आमच्याच पेनाची.

सासऱ्यांच्या फोटोवरची धूळ पुसायची होती. आज नको म्हटलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. आश्विन पौर्णिमा. वर्षावास समाप्ती.
संकल्प पुरा झाला. गुडघा वाकतो. जायला हरकत नाही, कुठे ते ठरत नाही.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकमेकांसमोर बसून विनंती करतात: माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगा. ते ऐकल्याशिवाय उठायचं नाही. मी संकल्प भिक्खूंसारखा घेतला, तर शेवटही तसाच करायला हवा. इथे सांगायला दुसरं कोण आहे? पिंपळाचं रोप आहे, चार पानांचं.

सोनाबाई हाकेच्या अंतरावर आहे. पण हाक मारायला गेले की गळ्यातून नकाशाच येतो. म्हणून पत्र. ती चौथी शिकली आहे, दुधाचा हिशेब स्वतः लिहिते. कपाटात मोहोपाड्याचं एक जुनं पोस्टकार्ड होतं.

पहिला मजकूर: "आपण गाडीवाट बेकायदा लावलीत, तरीही मी मोठ्या मनाने..." पेन्सिलने लिहिला होता, खोडला.
दुसरा: "गैरसमज दोन्हीकडून झाले असले तरी..." खोडला. कार्ड आता जाळीसारखं झालं आहे, एकदाच शाईने लिहायचं.

पाठवलेल्या पत्राची नक्कल, नोंदीसाठी:

"सोनाबाईंस,
चंद्रभागाचा सप्रेम नमस्कार, जय भीम.
दोडके पोचले. चप्पलही पोचली होती, तेव्हा सांगायचं राहिलं.
मे महिन्यात तुम्ही वाट मागितलीत आणि मी नकाशा दाखवला. ते चुकलं. आणखी काय चुकलं ते मला सगळं कळलेलं नाही, तुम्हाला कळलेलं असेल. तुम्ही पाहिलं असेल, चौघींकडून ऐकलं असेल, किंवा नुसतं मनात आलं असेल, ते लिहावं. मोठं असल्यास कागद सोबत ठेवला आहे, पाठपोट कोरा आहे.
भारे आमच्यातून न्यावेत. मागचं फाटक कुठे हवं ती जागा तुम्ही दाखवावी. फाटक येईपर्यंत तार सोडून ठेवते. पक्कड यांनी नेरळला नेली. मी सकाळपासून हाताने बघितलं, एक पदर सुटला, तीन राहिलेत. तुमच्याकडे पक्कड असल्यास किटलीत घालून पाठवावी, त्या दिवशी दूध नको.
वाटेचं मी विचारत नाही. भात कापल्यावर टेंपो येऊ द्यायचा की नाही, ते तुमच्या शेतात काय आहे त्यावर.
मी इथेच आहे. उत्तर उलट टपाली, म्हणजे उद्याच्या किटलीतून, जरूर कळवावे."